लाल बटण कोपरानं दाबता येतं



आजचं टिपण पिकावर नाही, हातावर आहे. हातातल्या फोनवरही आहे. कपाशीच्या फवारण्या चालू आहेत, म्हणून आत्ताच लिहून टाकतो. नंतर लिहून उपयोग नाही.

मागच्या साली भादव्यात धाकट्या भावानं कपाशीवर फवारणी घेतली. तुडतुडे, फुलकिडे दोन्ही होते. औषध ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं, डब्यावर पिवळा त्रिकोण. पाऊस उघडला होता, ऊन चटका देत होतं, हवा कोंदट. भाऊ तसा शहाणा आहे. तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, हातात नायट्राइलचे हातमोजे, सगळं घालून उतरला. मी तालुक्याला गेलो होतो.

दुपारी चारच्या सुमाराला मायचा फोन आला, "लवकर ये, याला गरगरायलंय." मी पोचलो तर भाऊ बांधावर बसलेला, अंगाला घाम, तोंडाला पाणी सुटलेलं, दोन उलट्या झालेल्या. डोळ्याची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, औषधाचा डबा पिशवीत घातला आणि गाडीवर बसवून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि लगेच ॲट्रोपिन चालू केलं. दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी घरी आला. आता ठणठणीत आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "हातमोजे होते का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "होते." नंतर भावानं खरं सांगितलं, "दादा, होते, पण सारखे काढावे लागत होते."

कशामुळं? फोनमुळं. फवारणीच्या पाण्यासाठी विहिरीवरची मोटार ड्रममध्ये सोडलेली. मोटारीला मोबाइल स्टार्टर, तो चालवायचा ॲपवरून. त्या दिवशी लाइट सारखी ये-जा करत होती. प्रत्येक वेळी फोन काढा, कुलूप उघडा, ॲप उघडा, बटण दाबा. हातमोज्याच्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून गडी हातमोजा दातानं ओढून काढायचा. ओला हात फोनला, तोच हात परत हातमोज्यात. एकदा आतून औषध लागलं की हातमोजा राखण करत नाही, पोटीस बांधल्यासारखं औषध कातडीला चिकटवून धरतो. वरून घाम.

आणि मधेमधे फोन येत होते ते वेगळे. मी त्याच्या फोनमध्ये बघितलं. फवारणीच्या वेळात पाच फोन आलेले. त्यातले तीन माझे होते. "किती पंप झाले?" एवढंच विचारायला.

फोनमुळंच विषबाधा झाली असं मी म्हणणार नाही. ऊन होतं, वारं फिरत होतं, जेवण नीट झालेलं नव्हतं. पण हातमोजा पाच-सहा वेळा निघाला हे खरं, आणि त्यातल्या तीन वेळा तो मी काढायला लावला हेही खरं.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून आपण सगळे हातमोजे घाला, मास्क घाला म्हणून सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण हातमोजा घातल्यावर हातातली वस्तू चालते का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

स्क्रीनला हातमोजा का कळत नाही, ते नंतर समजून घेतलं. आजकालच्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं. माणसाच्या अंगातून वीज वाहू शकते, म्हणून बोट टेकलं की त्या जाळ्यात जरासा फरक पडतो आणि फोनला जागा कळते. मध्ये रबराचा थर आला की फरक पोचत नाही. पाण्यातूनही वीज वाहते, म्हणून काचेवर थेंब असले की फोन बावचळतो, आपण एक दाबतो अन् उघडतं दुसरंच. काही फोनमध्ये हातमोज्यासाठी वेगळी सोय असते, पण जाड आणि ओल्या हातमोज्याला ती पुरत नाही.

याचा धागा अण्णांपाशी जाऊन पोचतो. आमच्या वडिलांना मी दिवाळीला टच फोन घेऊन दिला होता. पंधरा दिवसांत त्यांनी परत दिला. म्हणले, "तुझ्या फोनला माझा हात कळंना." मला वाटलं, म्हाताऱ्याला जमत नाही. पण अण्णांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. चाळीस वर्षं नांगर, खुरपं, दोर धरून बोटाची कातडी जाड आणि कोरडी झाली, भेगा पडल्या, तर ती काच त्या बोटाला नीट ओळखत नाही. दोष फोनचा, आणि कमीपणा वाटला अण्णांना.

ते परत आपल्या जुन्या बटणाच्या फोनवर गेले. तुम्हाला नोकिया ११०० आठवत असेल. २००३ साली आला, जगभरात २५ कोटींच्या वर खपला. त्यात काय होतं? डोक्यावर बॅटरी, म्हणजे टॉर्च. धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबराचा कीपॅड. आणि पाचच्या बटणावर उंचवटा. तो उंचवटा साध्या फोनवर अजून असतो. अंधारात अंगठा पाचवर ठेवला की बाकीचे सगळे आकडे न बघता सापडतात. तो फोन ज्यांनी बनवला त्यांनी धुळीतला, उन्हातला, अंधारातला माणूस डोळ्यासमोर ठेवला होता. आजच्या फोनचं तसं नाही. आयफोनचीच माहितीपुस्तिका बघा, वापरताना हवा ३५ अंशांपर्यंत असावी म्हणते. आपल्याकडं मार्चमध्येच त्याच्या वर जातं.

हे फक्त खेड्यातल्या माणसाचं गाऱ्हाणं आहे असं समजू नका. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकेच्या नौदलाची जॉन एस. मॅक्केन ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजाला धडकली. दहा नौसैनिक गेले. चौकशीत अपुरं प्रशिक्षण आणि थकवा ही कारणं निघाली, त्याबरोबर हेही निघालं की जहाजाची दिशा आणि वेग टचस्क्रीनवरून चालत होता आणि कुठला ताबा कुणाकडं आहे याचा ऐनवेळी गोंधळ झाला. पुढं नौदलानं वेगासाठी हातानं ओढायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. ज्यांच्याकडं पैशाला तोटा नाही, तेही दांड्यावर परत आले.

आता कुणी म्हणेल, मग मोबाइल स्टार्टर फेकून द्यायचा का? अजिबात नाही. रात्रीच्या लाइटला विहिरीवर जायचं म्हणजे साप, विंचू, चिखल. त्या स्टार्टरनं आमच्या किती रात्री वाचवल्या ते आम्हालाच माहीत. प्रश्न स्टार्टरचा नाही, तो कशानं चालवायचा याचा आहे. आमच्या स्टार्टरला ॲपशिवाय फोन लावून आकडा दाबूनही मोटार चालू-बंद करता येते, हे मला दोन वर्षं ठाऊकच नव्हतं. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तर आम्ही आता काय करतो ते सांगतो.

एक, फवारणीला टच फोन शेतात न्यायचा नाही. साधा बटणाचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात. पिशवीवरून, हातमोज्यासकट बटण दाबलं जातं. त्याचा नंबर स्टार्टरमध्ये नोंदवून ठेवला आहे.

दोन, फवारणाऱ्या माणसाला घरचं कुणी फोन करायचा नाही. निरोप असेल तर बांधावर जाऊन सांगायचा, वाऱ्याच्या वरच्या बाजूनं.

तीन, हातमोजा काढायचाच असेल तर आधी हातमोज्यासकट हात साबणानं धुवायचे, मग काढायचा. दात लावायचे नाहीत.

चार, मोबाइल स्टार्टर बसवला तरी जुन्या पेटीवरची हिरवी-लाल बटणं काढायची नाहीत. दुकानदार काढा म्हणत होता. त्या पेटीचं अर्थिंग मात्र दरवर्षी तपासून घ्यायचं. कॉइल जळाली, कॉन्टॅक्ट खराब झाले, ओव्हरलोड रिले गेला, तरी सुटा भाग तालुक्याला मिळतो आणि गावातला वायरमन बसवतो. टचच्या पॅनेलचं कार्ड गेलं तर अख्खं कार्ड बदला, आणि ते येईपर्यंत पिकाला पाण्याची वाट बघू द्या.

परवाचीच गोष्ट. ड्रम भरून पाणी वाहायला लागलं. मी बांधावर फोन चाचपत होतो, हात ओले. तेवढ्यात माय गवताचा भारा डोक्यावर घेऊन विहिरीकडून येत होती. एक हात भाऱ्याला, दुसऱ्या हातात विळा. पेटीपाशी आली, चालता चालता कोपरानं लाल बटण दाबलं, मोटार बंद. पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं मात्र बघितलं.

तुमच्याकडं फवारणीत फोनचं काय करता, ते सांगा. आणि घरचा गडी शेतात फवारत असेल, तर हे वाचून झाल्यावर त्याला फोन लावू नका. जाऊन बघून या.