कुंडीला बारदान

फुलांवर कविता लिहायची नाही, असं मी सतराव्या वर्षीच ठरवलं होतं. ज्यांच्या अंगणाला कुंपण आहे त्यांनी लिहावं. आता घरात जिरॅनियम आहे अन् दोस्त विचारतात, काय रे, सदाशिव पेठेत राहायला गेलास का?

आई एका बंगल्यावर झाडलोट करते. पावसानं सडलेलं झाड तिथल्या माळ्यानं उकिरड्यावर टाकलं. आईनं हिरवा शेंडा मोडून आणला, तेलाच्या डब्यात खोचला. तो जगला.

आमची वस्ती निफाडपासून लांब नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. द्राक्षाला शेक मिळतो, राखणदाराला मिळाला तर मिळाला. जिरॅनियमला थोडी थंडी चालते, पण दव गोठलं की पानं उकडल्यासारखी काळी पडतात. म्हणून रात्री डबा आत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं अन् सहावा तो. बा म्हणाला, "माणसाला पांघरूण पुरंना, अन् याला बारदान?" बारदान आणलं मात्र त्यानंच.

मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. तिथं हवा गरम, दमट ठेवतात. धागा तुटू नये म्हणून. पहाटे तिसरी पाळी सुटली की घामेजल्या अंगावर गार वारा सुरीसारखा लागतो. त्या अंगाची काळजी कुठल्या खात्याकडं आहे ते अजून सापडलेलं नाही.

पहिल्या वर्षी सहा डिसेंबरला आम्ही सगळे चैत्यभूमीवर गेलो, तिथून चेंबूरला मावशीकडं आठ दिवस राहिलो. शेजारच्या काकूंनी मायेनं रोज तांब्याभर पाणी घातलं. आलो तर खोड बुडापासून काळं, दाबलं तर मऊ. थंडीत या झाडाला पाणी मायेनं घालायचं नसतं. माती बोटभर खोल कोरडी झाली की मगच, तेही सकाळी, अन् दिवसभर ऊन. खरा गुन्हा माझाच. डब्याच्या बुडाला भोकंच पाडली नव्हती. काळं कापून टाकलं, चार बोटं हिरवा तुकडा पेऱ्याखाली कापला, दिवसभर सावलीत सुकवला अन् रेताड मातीत लावला.

काकूंना कुणी काही बोललं नाही. आमच्या नळाला पाऊण तास पाणी येतं. त्यातलं तांब्याभर त्यांनी आमच्या झाडाला दिलं होतं. १९२७ साली चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी ज्यांची माणसं महाडला गेली, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की पाणी जास्त झालं?

वाचनालयात वाचलं, हे झाड मूळ दक्षिण आफ्रिकेचं. लिनिअसनं १७५३ साली ते जिरॅनियममध्ये घातलं. १७८९ साली पेलार्गोनियम म्हणून वेगळं काढलं, तरी बाजारात जुनंच नाव चालतं. दुसऱ्यानं चिकटवलेलं नाव किती चिवट असतं, हे दोस्तहो, आपल्याला कुणी शिकवायला नको.

सदाशिव पेठ म्हणणारा दोस्त परवा आला. उठताना हळूच म्हणाला, एक फांदी दे. म्हटलं, थंडी जाऊ दे. फेब्रुवारीत ये, अन् येताना डब्याला भोकं पाडून आण.