नववा प्रश्न

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराला पश्चिमेकडे एक लहानसा सज्जा आहे. यजमान होते तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघे सोमेश्वरच्या बाजूला पाय मोकळे करायला जात असू. ते गेले आणि माझे फिरणे त्या सज्ज्यापाशीच संपले. प्रकृतीची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला द्यायचे 'बरी आहे' हे उत्तर तेवढे तोंडपाठ झाले होते.

माझी भाची चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यास करते. गेल्या पावसाळ्यात ती मुक्कामाला आली आणि एक प्रश्नावली घेऊन बसली. "मावशी, सरावासाठी तुला विचारते गं." प्रश्न अवघे नऊ. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच गोडी वाटली नाही? झोप कशी? भूक कशी? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. आठ प्रश्नांना मी 'अजिबात नाही' म्हणून मोकळी झाले. नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी होता. तेथे माझी जीभ अडखळली. तिने कागद खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून विचारू का?" त्या वेळी मी खरे सांगितले. बेरीज १८ झाली.

"माणसाचे दुःख काय तागडीत तोलायचे असते?" मी चिडून विचारले. तेव्हा तिने मला गोव्यातील एका संशोधनाची हकिकत सांगितली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. तिच्यामार्फत २०१३ ते २०१५ या काळात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, याच प्रश्नावलीत १४ हून अधिक गुण आलेले ४९५ रुग्ण निवडण्यात आले. कोणाला समुपदेशन मिळावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले. समुपदेशक होते गावातलेच, या कामासाठी शिकवून तयार केलेले साधे लोक. तीन महिन्यांनी तपासणी करणाऱ्यांना मात्र कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते.

"म्हणजे निम्म्यांना वाऱ्यावर सोडले?" मी विचारले. "नाही मावशी. त्यांच्याही डॉक्टरांना आजाराची कल्पना दिली होती, उपचारांची माहितीही दिली होती. पण तुलनेला दुसरा गट नसेल, तर गुण कशाने आला हे कळणार कसे?"

समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून सावरले, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. दुसरा गट नसता, तर आपोआप सावरलेल्यांचे श्रेयही समुपदेशनालाच गेले असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गोव्यातीलच आधीच्या एका पाहणीत तर सरकारी केंद्रांत अशा मदतीचा स्पष्ट लाभ दिसला. खाजगी दवाखान्यांत दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. हेही संशोधकांनी लपवले नाही. हे ऐकून माझा राग ओसरला. यजमान गेल्यापासून मला जो तो आपापला उपाय सांगत होता आणि 'अमक्याला गुण आला' अशी साक्ष काढत होता. न आलेल्यांची मोजदाद कोणीच ठेवली नव्हती.

भाचीने स्वतः उपचार केले नाहीत. "मी अजून विद्यार्थिनी आहे," म्हणून दुसऱ्याच दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषध सुरू झाले. गोव्यातल्या समुपदेशनाचा गाभा म्हणे एवढाच, की मन लागण्याची वाट न पाहता सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घ्यावीत. मी सोमेश्वरची वाट धरली. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, मग पुढे.

महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली. बेरीज ७ आली. औषधाने, चालण्याने की नुसत्या काळाने, हे एकट्या माझ्यावरून कोणालाच सांगता येणार नाही, एवढे आता मला कळते. पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही. वाचकहो, आपल्या घरातले कोणी 'बरी आहे' म्हणाले, तर जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.