कातळ आणि भराव

वाळकेश्वरचे आदीश्वर जिनालय ज्या मलबार टेकडीवर उभे आहे, ती कातळाची. समोर दिसणारे नरिमन पॉइंट, कफ परेड मात्र समुद्रात भराव घालून मिळवलेले. तेथील उत्तुंग इमारतींचा पाया खालच्या कातळापर्यंत नेतात, म्हणून त्या कोसळण्याची भीती कमी. जोखीम असते ती तळघराची. चातुर्मासातील मोठ्या भरतीने पर्जन्यवाहिन्यांची मुखे बुडतात, पाऊस तुंबतो, पंप व वीजमीटर पाण्याखाली जातात. मग विसाव्या मजल्यावरील वृद्धांचे देवदर्शन लिफ्टअभावी खोळंबते; पिण्याचे पाणीही वर चढत नाही. समुद्रदर्शनासाठी जादा भाव मोजणारे ग्राहक मीटरची खोली क्वचितच पाहतात! ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाबा, नरिमन पॉइंट जलमय झाले. त्याच पावसात मलबार टेकडीचाही एक उतार खचून खालच्या रस्त्यावर आला.