इंदूरची काळी माती आणि समुद्राचा गाळ

इंदूर हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. होळकरांच्या काळापासून येथे मराठी घरे नांदत आली. राजवाड्याच्या परिसरात आजही मराठी कानी पडते. अशा गावी समुद्राचा विषय निघावा ह्याचे वाचकबंधुभगिनींस नवल वाटेल. परंतु जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांचा माल न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो, आणि इंदूर-मनमाड ह्या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास २०२४ साली मंजुरी मिळाली, ती बंदराची वाट जवळ व्हावी ह्याही हेतूने. बंदर वाढवावयाचे तर जमीन हवी, आणि ती बहुधा समुद्राकडूनच घेतली जाते.

त्या जमिनीचे मर्म इंदूरच्या शिवारात उभे राहिले की चटकन उमगते. पावसाळ्यात येथील काळी माती फुगते, पाय धरून ठेवते; वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जाणता गवंडी तिच्यावर पाया घालीत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणतो. समुद्रतळाचा चिकण गाळ तिच्याहूनही नाठाळ. त्यात मातीइतकेच, कधी तिच्याहून अधिक पाणी असते. ते निघाल्यावाचून तो भार पेलीत नाही, आणि इतक्या बारीक कणांतून ते आपोआप निघावयास वर्षे लागतात.

मुंबई हे फार महागात शिकली. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, १९२० च्या सुमारास, बॅक बे भरून १,१४५ एकर जमीन काढण्याचे काम हाती घेण्यात आले. बंदराच्या बाजूचा मऊ गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीआड ओतावयाचा, अशी योजना होती. दगडी भिंतीच्या फटींतून तो गाळ पुन्हा समुद्रात निसटू लागला! कौन्सिलात नरिमन यांनी सरकारास धारेवर धरले, १९२६ मध्ये चौकशी समिती बसली, आणि शेवटी पदरात पडली ती सुमारे ४४० एकर. मरीन ड्राइव्हवर वारा खाणाऱ्यांस ह्याची गंधवार्ताही नसते.

जपानने असल्याच गाळाला निराळी वागणूक दिली. नागोया बंदरातून उपसलेल्या गाळात सिमेंट घालून, नळातून हवेच्या दाबाने ढकलताना तो एकजीव केला, आणि २००५ साली खुल्या झालेल्या विमानतळाच्या बेटाचा काही भाग त्याने भरला. जहाजांच्या वाटेसाठी जो गाळ काढावाच लागतो, तो फेकून न देता वापरावा. माझ्या मते टिकाऊ भरावाची पहिली कसोटी हीच.

डहाणूजवळच्या वाढवणची गोष्ट वेगळी आहे. तेथे सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरावयाचा असून त्यासाठी वाळू दमणच्या समुद्रातून, सुमारे ५० किलोमीटरांवरून, आणण्याची योजना आहे. वाळू पाणी लवकर सोडते, म्हणून इंजिनियरांची निवड समजण्यासारखी आहे. पण एकीकडचा तळ खरवडून दुसरीकडचा तळ बुजविला, तर मासळीचा थारा दोन्हीकडे मोडतो. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने येथे बंदर नाकारले होते. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. माळव्याच्या मालाला आणखी एक बंदर मिळेल, हे चांगलेच. मात्र घोळ आणि शेवंड जाळ्यात किती येतात, ह्याची मोजदाद दर वर्षी, आणि मच्छीमारांना समोर बसवून, झाली पाहिजे.