उधारीची वही

खूप दिवसांनी लिहितोय. गेली अकरा वर्षं मी जर्मनीत नोकरी करतोय, आणि दोन वर्षांतून एकदा चार आठवडे घरी येतो. या वेळी त्यातला एक आठवडा मुद्दाम जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, लहान धंदेवाल्यांकडे काढला. पिठाची गिरणी, शिलाईवाल्या ताई, रेशीमवाले, आणि मामांचं किराणा दुकान. माझं तिकडचं काम म्हणजे कंपन्यांची थकलेली बिलं वसूल करायचं सॉफ्टवेअर. (थोडक्यात वसुलीच, फक्त खुर्चीत बसून!) त्यामुळे सगळ्यांना माझा एकच प्रश्न होता, पैसे कधी मिळतात?

तारीख कुणीच सांगितली नाही. "मिरचीचे आले की." "सोयाबीन निघाली की." "कापूस विकला की." पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीला भाव आला की गिरणीवाल्याच्या हातात दोन पैसे पडतात. मग दसरा-दिवाळीला सोयाबीन, त्यानंतर कापूस. मधले महिने वहीवर चालतात. तिकडे आमच्या बिलाची मुदत ३० दिवस असते, ती उलटली की पत्र जातं आणि पुढे कायद्यानं व्याजही लावता येतं. इथे मुदत पाऊस ठरवतो, आणि व्याज कोण लावणार? गिऱ्हाईक समोरच्याच घरात राहतं.

त्यातल्या त्यात रेशीमवाले बरे. तुतीचा पाला वेळेवर मिळाला आणि अळ्यांना रोग आला नाही, तर महिन्याभरात कोष तयार. पूर्वी ते विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ मध्ये जालन्यातच कोषांचा बाजार सुरू झाला. पण बॅच चालू असताना त्यांना घर सोडून लग्नालाही जाता येत नाही. अळ्यांना पाला घालायला कोणीतरी लागतंच.

आता मामांची गोष्ट. २०१२ साली पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात जालन्यात टँकर आणि चारा छावण्या होत्या, लोकांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडल्या. मामांनी त्या वर्षी एकाचंही खातं बंद केलं नाही. जालन्याचा होलसेलवाला मात्र थांबायला तयार नव्हता, म्हणून मामींच्या पाटल्या विकल्या. २०१४ आणि २०१५ लाही पाऊस रुसला. शेवटची वसुली २०१७ ला झाली, दोन घरांकडून आलीच नाही. गावात आजही मामांचं नाव निघतं. मामी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पाटल्या माझ्या, नाव ह्यांचं."

मामेभाऊ बी.कॉम. झालाय. त्याला चाकणला कंपनीत जायचंय. त्यानं सगळी वही मोबाईलवर चढवली. त्यातून आपोआप एक मेसेज समोरच्या आबांना गेला. आबा फोन घेऊनच दुकानात आले, "घर दिसत नाही का रे माझं? हाक मारायची की!" त्याच संध्याकाळी सगळा हिशोब चुकता केला, आणि तेव्हापासून दुसऱ्या दुकानातून माल नेतात. मुलगा म्हणतो पैसे तर आले. मामा म्हणतात त्यापेक्षा नसते आले तर बरं होतं.

निघायच्या आदल्या रात्री मामा म्हणाले, "भाचेबुवा, तुम्ही सांगा लेकराला. तुमचं ऐकतो तो." आता घर सोडून गेलेला मी, त्याला 'थांब' कोणत्या तोंडानं सांगू? आणि वही चाळताना मला दिसलं ते वेगळंच होतं. गावाच्या उधारीवर व्याज नाही असं आपण म्हणतो, पण ते कोणीतरी भरतंच. २०१२ ला मामींनी भरलं. आणि गेली तीन वर्षं हा पोरगा भरतोय. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत दुकानात असतो, हातात एक रुपया नाही, कारण "दुकान शेवटी त्याचंच आहे."

मी मामांना तेवढंच सांगितलं. त्याला पगार द्या. दुकानाला परवडला तर तो राहील, नाही परवडला तर त्याला जाऊ द्या, आणि कुणाला किती उधार द्यायचं ते मग ठरवा. मामा काही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले.

मागच्या रविवारी मामेभावाचा फोन आला. मामांनी नवी वही घातली. पहिल्या पानावर त्याचं नाव आणि महिन्याचा पगार. रक्कम ठीकठाक आहे म्हणे. "मिळाला का पण?" मी विचारलं.

"कुठला! सोयाबीन निघाली की देतो म्हणाले."

त्यावर मामींनी वही ओढून घेतली आणि दुसऱ्या पानावर पाटल्या लिहायला लावल्या, वजनासकट. :-)

मुलगा दिवाळीपर्यंत थांबतोय. तुमच्याकडच्या दुकानांत घरच्या माणसांचं खातं असतं का? असेल तर जरूर कळवा.