फॉर्मवर सही

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एक उर्दू शाळेत, एक मराठी शाळेत. घर पुसदला. थोरलीने डॉक्टर व्हावे म्हणून आम्हीच तिला सायन्स घ्यायला लावले. नीटमध्ये दोनदा नंबर लागला नाही, मग बीएस्सी केली. रिझल्टनंतर एके दिवशी मगरिब झाल्यावर तिने मोबाइल आमच्या पुढे धरला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा फॉर्म होता. विषय ध्वनिमुद्रण, मुदत तीन वर्षे.

आम्ही दोघेही गप्प बसलो. तसे पाहिले तर आम्हाला कळायला हवे होते. दोन वर्षांपासून ती मोहल्ल्यातल्या मुलींच्या नाती मोबाइलवर रेकॉर्ड करीत होती. आवाज घुमू नये म्हणून गोधडीत शिरायचे आणि पंखा बंद ठेवायचा. मे महिन्यात पुसदला पंखा बंद ठेवणे म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको.

मामू भडकले. "गाण्याबजावण्याचं शिक्षण?" संगीताबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, तो निवाडा करण्याइतका आमचा अभ्यास नाही. पण आमच्या वलीम्यात रफीसाहेबांची गाणी वाजली होती आणि तो टेपरेकॉर्डर मामूंनीच आणला होता!

मुलीने मात्र शांतपणे समजावले. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकू येते. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाचे 44,100 नमुने असतात. सिनेमातला पाऊस, पावलांचा आवाज, संवाद हे सगळे या शिक्षणात येते. या विभागासाठी पदवी लागतेच, शिवाय बारावीला फिजिक्सही लागते. ज्या फिजिक्सपायी आम्ही तिला रडवले, तेच आता उपयोगी पडत होते. दहावीनंतर मुलांना आर्ट्सला घालणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

रसूल पोकुट्टी यांचे नावही तिच्याकडूनच कळले. केरळच्या खेड्यातल्या गरीब मुस्लिम घरातला मुलगा, फिजिक्सचा पदवीधर. 1995 मध्ये याच संस्थेतून बाहेर पडला आणि 2009 मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर घेतला. मामू म्हणाले, "तो मुलगा होता."

खरे बोलले मामू. आम्हालाही दीनची नव्हे, रिश्त्याचीच भीती होती. 'मुलगी काय करते' असे विचारणाऱ्यांना काय सांगायचे, यातच आम्ही दोन आठवडे घालवले. तिने एकदाही तगादा लावला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. मुदत संपायला तीन दिवस उरले तेव्हा आम्ही फीचे पैसे भरले.

आता लेखी परीक्षेची तयारी चालली आहे. पुढे मुलाखतही आहे. निवड होईल की नाही, अल्लाह जाणे. काल मामू आले आणि सवयीने पंख्याचे बटन दाबायला गेले, तर आतून आवाज आला, "मामू, थांबा! दादीजान बोलताहेत, रेकॉर्डिंग चालू आहे." मामू घाम पुसत दारातच उभे राहिले.