चार मिनिटांचं बिल्ड

कंपायलर बदलल्यावरचं पहिलं बिल्ड चार मिनिटांत संपलं. सगळं नव्याने कंपायल करायचं तर पूर्ण फर्मवेअरला चाळीस मिनिटं लागायची. मी समाधानाने घरी गेलो. खरं तर तो आकडा बघून मी तिथेच थांबायला हवं होतं.

आम्ही सीकॅश वापरत होतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 2002 साली आणलेलं हे साधन मला आजही फार मोलाचं वाटतं. सोर्स, हेडर, दिलेले पर्याय आणि खुद्द कंपायलर यांवरून ते हॅश काढतं. तोच हॅश आधी येऊन गेला असेल, तर कंपायल न करता साठवलेली ऑब्जेक्ट फाइल देतं. कंपायलर तोच आहे का, हे एरवी त्याच्या फाइलचा आकार आणि बदलाची वेळ यांवरून ठरतं. आमच्या सर्व्हरवर कंपायलर रोज रात्री नव्याने उलगडला जायचा. वेळ बदलायची आणि सकाळी कॅश निरुपयोगी. वैतागून मी ‘कंपायलर चेक’ या सेटिंगला ‘नन’ लिहिलं, म्हणजे कंपायलर तपासूच नकोस. जपून वापरा, असं मॅन्युअलमध्ये होतं. मी ते वाचलंही होतं.

काही महिन्यांनी कंपायलरमध्येच दोष सापडला: ऑप्टिमायझेशनमध्ये चुकीचा कोड तयार होत होता आणि त्यामुळे ग्राहकाकडची यंत्रं अडकत होती. दुरुस्त कंपायलर आला. आवृत्ती तीच, जागा तीच. कंपायलर बदलल्यावर जुन्या साठ्यातून एकही फाइल मिळायला नको, हे मला पाठ होतं. सीकॅशच्या आकडेवारीत मात्र जवळजवळ सगळे हिट होते, म्हणजे फाइल जुन्या साठ्यातूनच आल्या होत्या. मी ते पाहिलं आणि फर्मवेअर पाठवून दिलं.

यंत्रं पुन्हा अडकू लागली. मी संशय घेतला तो आमच्या टीममधल्या नव्या मुलीच्या ड्रायव्हरवर. तीन दिवस तिने तो उलटापालटा केला. चौथ्या दिवशी तिने आपणहून एक फाइल सीकॅश बंद करून कंपायल केली आणि ती व साठ्यातली अशा दोन्ही ऑब्जेक्ट फाइल माझ्यासमोर ठेवल्या. दोन्ही वेगळ्या होत्या: यंत्रांत जुन्या कंपायलरचाच कोड गेला होता.

आम्ही साइटवर जाऊन प्रत्येक यंत्र उघडलं आणि हाताने फर्मवेअर भरलं. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली, पण ते तीन दिवस तिला परत देता आले नाहीत.

‘नन’च्या जागी ‘कंटेंट’ लिहिलं असतं, तर कंपायलरच्या वेळेऐवजी त्याच्या मजकुराचाच हॅश निघाला असता आणि रोज सकाळचा प्रश्नही सुटला असता. तो पर्याय मॅन्युअलमध्ये तिथेच होता. तुमच्या सर्व्हरवर ही सेटिंग काय आहे, ती कुणी आणि का घातली, हे ठाऊक नसेल तर आजच बघा.